शब्दाला उत्तरदायी कोण?

शब्दाची नोंद कोणी करावी, ती प्रमाण कोणी ठरवावी आणि ती चुकीची निघाल्यास जाब कोणाला विचारावा, हा प्रश्न कोशनिर्मितीइतकाच जुना आहे. दिल्लीच्या आर. के. पुरम वसाहतीत, वेस्ट ब्लॉक क्रमांक ७ मध्ये, वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे कार्यालय आहे आणि हा आयोग म्हणजे या प्रश्नाचे एक उत्तर होय. तुर्कस्तानात १९९९ पासून वाचकच लिहीत आलेला ‘एक्शी सोझलुक’, म्हणजे ‘आंबट शब्दकोश’, हे त्याच्या नेमके विरुद्ध टोकाचे उत्तर आहे. पुढील संवादात समर्थक लोकलिखित कोशाची बाजू मांडतो आणि साशंक तज्ज्ञांच्या संस्थेची. मराठी ही ज्ञानाची भाषा व्हावी याविषयी मात्र दोघांचे दुमत नाही.

समर्थक : एक्शी सोझलुकचे नाव घेतले की तो गप्पांचा फड असावा असा समज होतो, म्हणून त्याची रचना आधी पाहणे इष्ट. सेदात कापानोलू यांनी १५ फेब्रुवारी १९९९ रोजी तो सुरू केला तेव्हा विकिपीडियाचा जन्मही झालेला नव्हता. त्यातील पहिली नोंद ‘पेना’ या शब्दाची, म्हणजे गिटारच्या तारा छेडण्यासाठी बोटांत धरायच्या चिमुकल्या पट्टीची, होती. त्या कोशात कोणताही शब्द, वाक्प्रयोग, व्यक्ती किंवा घटना मथळा होऊ शकते आणि त्या मथळ्याखाली निरनिराळे लेखक आपापली व्याख्या लिहितात. नंतरची व्याख्या आधीची खोडत नाही. सगळ्या व्याख्या, परस्परविरोधी असल्या तरी, एकाखाली एक राहतात. विकिपीडियात वाद चर्चापानावर होतो आणि वाचकाला एकच संमत मजकूर मिळतो, तर येथे मतभेद हाच मजकूर असतो. तरीही तेथे शिस्त नाही असे म्हणता येणार नाही. नोंद व्याख्या तरी असावी किंवा उदाहरण तरी, आणि ती एकटी वाचली तरी तिचा अर्थ लागावा, असा दंडक आहे. आधीच्या लेखकाला दिलेले उत्तर ही नोंद मानली जात नाही. नव्याने येणारा काही काळ ‘चायलाक’, म्हणजे उमेदवार, राहतो आणि त्याच्या आरंभीच्या नोंदी पाहूनच त्याला ‘याझार’, म्हणजे लेखक, केले जाते. आपल्या कोशांत जसे ‘पहा’ लिहून वाचकाला दुसऱ्या शब्दाकडे पाठवतात, तशी सोय तेथेही आहे. एखाद्या शब्दाविषयी समाज काय काय समजतो याचा इतका प्रामाणिक दाखला कोणत्याही अधिकृत कोशात मिळणार नाही.

साशंक : समाज काय समजतो हे कळणे आणि शब्दाचा अर्थ कळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि कोशाचे काम दुसरे आहे. आयोगाची गरज कशातून निर्माण झाली हे त्यासाठी ध्यानात घ्यावे लागते. बाळ गंगाधर खेर यांच्या अध्यक्षतेखाली १९५५ मध्ये पहिला राजभाषा आयोग नेमला गेला, त्याच्या शिफारशींचा विचार होऊन एप्रिल १९६० मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि १ ऑक्टोबर १९६१ रोजी शब्दावली आयोग स्थापन झाला. पदार्थविज्ञानाचे मोठे अभ्यासक दौलतसिंह कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष होत. शास्त्रे इंग्रजीत शिकवली जात होती आणि भारतीय भाषांत त्यांची परिभाषा विखुरलेली होती. एका संकल्पनेला एका प्रांतात एक शब्द, तर दुसऱ्यात दुसरा. आयोगाने विषयवार समित्या नेमल्या, त्यांत त्या त्या शास्त्राचे जाणकार आणि भाषातज्ज्ञ यांना एकत्र बसवले आणि पर्याय निवडण्याची तत्त्वे ठरवली. मूलद्रव्यांची नावे, मापनाची एकके, व्यक्तींच्या नावांवरून आलेल्या संज्ञा आणि जीवशास्त्रातील द्विनाम पद्धती ही आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवायची. संकल्पनावाचक शब्दांना मात्र भारतीय पर्याय द्यायचे, तेही शक्यतो सर्व भारतीय भाषांना चालतील असे संस्कृत धातूंवरून घडवलेले. या कामात चुका होतात हे मान्य करावे लागेल. पण शब्दाला अर्थाची निश्चित सीमा असलीच पाहिजे आणि ती सीमा आखणारा कोणीतरी उत्तरदायी असलाच पाहिजे, हे तत्त्व सोडले तर शास्त्र शिकवताच येणार नाही.

समर्थक : तत्त्व मान्य केले तरी फळ काय मिळाले हे विचारावेच लागते. एक उदाहरण पुरेसे आहे. मराठी पाठ्यपुस्तकात सजीवाच्या मूलभूत घटकाला ‘पेशी’ म्हणतात, हिंदीत त्यालाच ‘कोशिका’ म्हणतात. हिंदीतील ‘पेशी’ म्हणजे मराठीतील ‘स्नायू’, आणि हिंदीत ‘स्नायु’ हा शब्द हाडाला हाडाशी जोडणाऱ्या बंधासाठी येतो. वडिलांच्या बदलीमुळे पुण्याच्या मराठी शाळेतून दिल्लीच्या हिंदी माध्यमाच्या वर्गात आलेल्या मुलाला तिन्ही शब्द ओळखीचे वाटतात आणि तिन्ही त्याला चकवतात. विद्युत ‘प्रभार’ शिकून आलेल्या त्याच मुलाला येथे ‘आवेश’ भेटतो, जो त्याच्या भाषेत भाषण करणाऱ्याच्या अंगी येतो. सर्व भाषांना समान परिभाषा देण्याचा संकल्प सहा दशकांनंतर येथे उभा आहे. महाराष्ट्राने १९६० मध्येच आपले स्वतंत्र भाषा संचालनालय काढले, त्याने आपले परिभाषा कोश आणि पदनाम कोश तयार केले, पाठ्यपुस्तकांनी आपली वाट धरली आणि प्रत्येक संस्थेने स्वतःपुरते अधिकृत उत्तर दिले. अधिकृत उत्तरे अनेक झाली की त्यांचा अधिकार कागदापुरता उरतो आणि निवाडा शेवटी वापरणारेच करतात.

साशंक : या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ‘पेशी’ आणि ‘स्नायू’ यांचा घोटाळा तज्ज्ञ जास्त झाल्यामुळे झाला नाही. दोन भाषांतील तज्ज्ञांनी एकमेकांशी पुरेसा संवाद न ठेवल्यामुळे आणि दोन्ही शब्द आधीच वेगवेगळ्या अर्थांनी रुळलेले असल्यामुळे झाला. त्यावर इलाज म्हणून मथळ्याखाली पन्नास व्याख्या लिहू दिल्या, तर त्या मुलाचा चकवा पन्नासपट होईल. प्रश्नपत्रिकेत, औषधाच्या चिठ्ठीत, न्यायालयाच्या निकालपत्रात शब्दाचा एकच अर्थ लागावा लागतो. करारातील एखाद्या पदाविषयी जनतेत मतभेद आहेत, असे सांगून न्यायाधीशाला थांबता येत नाही.

समर्थक : परिभाषा आणि भाषा यांत फरक करायला हवा हे बरोबर; पण परिभाषाही लोक घडवू शकतात, हे मराठीनेच दाखवले आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे काम करणाऱ्यांना संगणकाच्या पडद्यावरील डझनावारी संज्ञांसाठी मराठी शब्द हवे होते आणि ते घडवून देणारी समिती कोठेच नव्हती. नवागताने लेखनाचा सराव जेथे करायचा त्या पानाला त्यांनी ‘धूळपाटी’ म्हटले, कारण कागद दुर्मीळ होता त्या काळी पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवली जात. सर्वांनी मिळून ज्या पानावर विषय मांडायचे त्याला ‘चावडी’ म्हटले आणि प्रस्तावावर सदस्यांचे मत घेण्याला ‘कौल’. गावगाड्यातले आणि देवळातले हे शब्द नव्या कामाला जुंपताना कोणी संस्कृत धातू शोधला नाही, तरी तिन्ही ऐकताक्षणी कळतात आणि तिन्ही टिकले आहेत. आयोगाच्या पद्धतीत हे शब्द सुचलेच नसते, असा दावा कोणी करणार नाही. पण सुचले तरी अशास्त्रीय म्हणून बाजूला पडण्याचा संभव मोठा होता.

साशंक : हे शब्द सुंदर आहेत, पण त्यांच्यावरून सर्वसाधारण नियम काढणे धोक्याचे आहे. ते घडवणारे मोजके होते, सुशिक्षित होते आणि मराठीच्या जुन्या व्यवहाराची त्यांना चांगली जाण होती. म्हणजे नेमणूक झाली नसली तरी ती एक समितीच होती. ज्याला ‘लोक’ म्हटले जाते ते प्रत्यक्षात कोण असतात, हा लोकलिखित कोशापुढचा सर्वांत कठीण प्रश्न आहे. ज्याच्याकडे यंत्र आहे, मोकळा वेळ आहे, देवनागरी टंकता येते आणि आपले म्हणणे लिहून ठेवण्याजोगे आहे असा विश्वास आहे, तोच नोंद करतो. ऊसतोडणीच्या फडावरची, रत्नागिरीच्या बंदरातली किंवा मेळघाटातल्या दवाखान्यातली मराठी त्यात आपोआप उतरत नाही. उलट यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात काढलेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड उघडावेत. तेथे शब्दापुढे कंसात ‘व.’ असले की तो वऱ्हाडी, ‘ना.’ असले की नागपुरी, ‘गो.’ असले की गोमंतकी, ‘कु.’ असले की कुडाळी, असा शब्दाचा मुलूख सांगितलेला असतो. अर्थापुढे जुन्या ग्रंथातील आधार असतो, म्हणजे वाचकाला मूळ जागी जाऊन खातरजमा करता येते. जो लिहू शकत नव्हता त्याच्या मुखातला शब्दही संपादकाने शोधून आणला. आपण होऊन जे येईल ते घेणारा कोश एवढे करत नाही.

समर्थक : दाते आणि कर्वे यांचे उदाहरण खरे तर या बाजूचे आहे, कारण त्यांचा कोश निवाडा देण्याआधी साक्ष नोंदवतो. शब्द कोणत्या मुलखात, कोणत्या अर्थाने चालतो हे तो सांगतो आणि अर्थ अनेक असले तर क्रमांक घालून सगळे देतो. आयोगाच्या शब्दावलीचे पान याच्या शेजारी ठेवून पाहावे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे हिंदी पर्याय, फार तर दोन-तीन पर्याय स्वल्पविरामांनी तोडलेले. कोणता पर्याय का स्वीकारला, समितीत कोणी कोणता शब्द सुचवला होता आणि तो कशामुळे मागे पडला, याचा मागमूस त्या पानावर नसतो. वाद झालेला असतो, कदाचित उत्तम झालेला असतो, पण वाचकापर्यंत केवळ निकाल पोहोचतो. शिवाय ज्यांच्यासाठी हे सगळे चालते त्यांची भाषा आयोगाच्या अंगणातच बोलली जाते आणि तिची नोंद कोठेच होत नाही. आर. के. पुरममधील सरकारी क्वार्टरांत देशभरातून बदलून आलेली कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली; त्यांतील मराठी घरांत ‘अलॉटमेंट’ झाली का, ‘टाइप फोर’ मिळाला का, ‘सीजीएचएस’मधून औषध आणले का, असे विचारले जाते. दिल्लीच्या मराठीचा हा थर दाते-कर्वे यांच्या नंतरचा आहे आणि तो टिपणारा संपादक आज नाही. तो टिपला गेलाच तर बोलणारेच टिपतील.

साशंक : साक्ष आणि निवाडा हा भेद उपयोगी आहे आणि चर्चा त्याच अंगाने पुढे गेली पाहिजे. पण साक्षीदाराचेही एक कर्तव्य असते, ते म्हणजे नाव सांगणे. एक्शी सोझलुकमध्ये लेखक टोपणनावाने लिहितो. मग नोंदीतून एखाद्याची बदनामी झाली, एखाद्या समाजाविषयी द्वेष पसरला किंवा निव्वळ खोटे पसरले, तर जाब कोणी द्यायचा? तुर्कस्तानात त्याचे ओझे संस्थापकावरही पडले. धर्मभावना दुखावल्याच्या खटल्यात २०१४ मध्ये न्यायालयाने कापानोलू यांना स्थगित स्वरूपाची शिक्षा दिली. ती शिक्षा योग्य होती असे म्हणण्याचा हेतू नाही. मुद्दा इतकाच की, लिहिणारा हजारो तोंडांचा आणि उत्तरदायी एकही नाही अशी व्यवस्था फार काळ टिकत नाही. समाज किंवा सत्ता कोणा एकाला धरतेच. आयोगाच्या शब्दावलीवर संस्थेचे नाव असते, विषयसमितीच्या सदस्यांची नावे असतात, संसदेत त्याविषयी प्रश्न विचारता येतो. ही उत्तरदायित्वाची रीत संथ आहे, पण ती रीत आहे.

समर्थक : सत्ता कोणाला धरते हे पाहिले तर टोपणनावाचे कारणही कळते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भीषण भूकंप झाले आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला एक्शी सोझलुकवर बंदी आली. तुर्कस्तानात विकिपीडियाही एप्रिल २०१७ पासून जानेवारी २०२० पर्यंत बंद होता. राज्यसंस्थेने चालवलेल्या कोशावर अशी वेळ येत नाही, कारण राज्यसंस्थेला अडचणीचे होईल असे त्यात काही नसतेच. त्याच देशात अधिकृत भाषाकार्याने काय केले हेही सांगायला हवे. अतातुर्क यांनी १९३२ मध्ये तुर्की भाषा संस्था स्थापन केली आणि अरबी-फारसी शब्द काढून टाकण्याची मोहीम सुरू झाली. शिक्षक आणि अधिकारी यांच्याकडून गावोगावचे शब्द जमवले गेले, जुन्या ग्रंथांतून पर्याय वेचले गेले आणि १९३४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. परिणाम असा झाला की, स्वतः अतातुर्क यांनी १९२७ मध्ये सहा दिवसांत मिळून ३६ तास केलेले प्रसिद्ध भाषण पुढच्या पिढ्यांना समजेना आणि १९६३ मध्ये ते नव्या तुर्कीत उतरवावे लागले. शब्दाला उत्तरदायी असलेल्या संस्थेने एका राष्ट्राला त्याच्या संस्थापकाच्या वाणीपासून तोडले. त्याचा जाब कोणाला विचारला गेला?

साशंक : तुर्की उदाहरण भयावह आहे आणि ते विसरता कामा नये, पण ते तज्ज्ञतेचे फळ नव्हते, घाईचे आणि राजकीय इच्छाशक्तीचे होते. मराठीत असे घडले नाही, याला मराठीचा स्वभाव कारण आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी आज ‘दुर्ग’ही चालतो आणि ‘किल्ला’ही. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेला ‘महापौर’ घराघरांत गेला, पण त्यामुळे ‘शहर’ हा फारसी शब्द मागे हटला नाही. अधिकारी पुरुषाने शब्द द्यावा, लोकांनी तो पारखून घ्यावा किंवा सोडावा, अशी ही जुनी वाटणी आहे. आयोगाच्या तत्त्वांतही ती आहे. ‘तार’, ‘डाक’, ‘महाद्वीप’ यांसारखे आधीच रूढ झालेले शब्द तसेच ठेवावेत, आणि इंजिन, मशीन, मीटर यांसारखे परक्या मुळाचे पण रुळलेले शब्दही काढू नयेत, असे त्या तत्त्वांत स्पष्ट आहे. म्हणजे लोकव्यवहाराला मान देणे हे आयोगाच्या घटनेतच आहे.

समर्थक : मग नेमका येथेच प्रश्न उभा राहतो. शब्द रूढ झाला आहे हे आयोगाला कळते कसे? रूढी मोजायची तर लोक काय बोलतात आणि लिहितात याची सतत चालू राहणारी, वादांसकटची नोंद हवी. समितीतील प्राध्यापकाचा अनुभव हा एक पुरावा आहे, पण एकमेव नव्हे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी संपादक मरे यांनी १८७९ मध्ये जनतेला आवाहन केले आणि हजारो वाचकांनी आपापल्या वाचनातून शब्द, वाक्य आणि संदर्भ लिहिलेल्या चिठ्ठ्या पाठवल्या. त्या चिठ्ठ्यांवर संपादकांनी काम केले आणि १९२८ मध्ये तो कोश पुरा झाला. तेथे लोकांनी निवाडा केला नाही आणि संपादकांनी साक्ष कल्पनेने रचली नाही. मराठीत विक्शनरीसारखे लोकलिखित प्रयत्न एकीकडे आहेत आणि आयोग, भाषा संचालनालय, विश्वकोश मंडळ यांसारख्या संस्था दुसरीकडे आहेत; एकीकडची चिठ्ठी दुसरीकडे पोहोचवणारा रस्ता मात्र नाही.

साशंक : असा रस्ता बांधायचा तर दोन्ही बाजूंना किंमत मोजावी लागेल, आणि ती किंमत सांगितल्याविना ही सूचना पोकळ ठरेल. लोकांकडून येणाऱ्या नोंदीला मुलूख, प्रसंग आणि आधार द्यावा लागेल. शब्द कोठे ऐकला, कोणी वापरला, कोणत्या अर्थाने, हे न सांगणारी नोंद पुराव्यात धरता येणार नाही. टोपणनाव चालेल, पण माग काढता येणार नाही अशी साक्ष चालणार नाही. एवढे बंधन घातले की उत्साहाने लिहिणाऱ्यांतले बहुतेक गळतील, आणि उरतील ते मोजके जाणकार. म्हणजे लोकलिखित कोशाचे लोकपणच धोक्यात येईल.

समर्थक : संस्थेने मोजायची किंमतही तितकीच जड आहे. प्रत्येक पर्यायासोबत तो निवडण्याचे कारण, नाकारलेले पर्याय आणि समितीतील भिन्नमत प्रसिद्ध करावे लागेल, आणि एखादा शब्द वर्षानुवर्षे कोणीच वापरत नसेल तर तो चुकला असे लेखी मान्य करावे लागेल. कारणे उघड केली की वाद वाढतील, परीक्षेला हवी असलेली एकवाक्यता डळमळीत होईल, आणि संस्थेचा जो धाक आपणांस मोलाचा वाटतो तो उणावेल. ‘पेशी’ या एका शब्दाचीच अशी उघड चौकशी आज सुरू केली, तर मराठी आणि हिंदी यांपैकी कोणी माघार घ्यायची हे कोण सांगणार? दोन्हीकडे कोट्यवधी विद्यार्थी तो शब्द आपापल्या अर्थाने शिकून मोठे झाले आहेत.

साशंक : ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि बहुधा कोणी माघार घेऊही नये. पण दोन्ही अर्थ शेजारी शेजारी, कारणांसह, एकाच पानावर लिहिलेले असणे हे त्या विद्यार्थ्याचे देणे आहे, आणि हे देणे आज ना आयोग फेडतो ना लोक. आरंभी प्रश्न होता की शब्द कोणी ठरवावा. आता तो असा मांडावा लागेल की, साक्ष देणारे अनेक आणि निवाडा करणारे मोजके असताना, निवाड्याची कारणे साक्षीदारांपुढे ठेवण्याची सक्ती कोण करणार?

समर्थक : आणि त्याचा दुसरा अर्धाही तितकाच कठीण आहे : कारणे पुढे ठेवली गेली, तर ती वाचून आपली साक्ष सुधारण्याची जबाबदारी साक्षीदार पत्करणार आहेत काय? संस्था कारणे देईपर्यंत लोक थांबणार आणि लोक आधार देईपर्यंत संस्था थांबणार, अशी परिस्थिती असेल तर पहिले पाऊल कोणी टाकायचे, हे कोणत्याही कोशात लिहिलेले नाही. ते मराठी वापरणाऱ्यांनाच ठरवावे लागेल.